चतुःसीमा

राहुरी तालुक्यात चित्र काढायला बसणाऱ्या माणसाला रंगपेटी उघडण्यापूर्वी एक निवाडा करून टाकावा लागतो: तोंड उगवतीकडे करायचे की मावळतीकडे. उगवतीच्या आणि उत्तरेच्या अंगाला, देवळाली प्रवरेकडे, १९२६ साली बांधून पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी येऊन पोचले आणि त्या पाण्यामागोमाग ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे साखर कारखाना आला. तिकडची जमीन काळी, भारी, पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी. मावळतीकडे बारागाव नांदूरला मुळेचे पाणी अडवून २६ टीएमसीचा विस्तीर्ण जलाशय उभा केलेला आहे खरा, परंतु त्याच्या काठावरून वर चढू लागले की मुरमाड माळ, बोडके डोंगर, विरळ बाभळी आणि बाजरीची तुकड्यातुकड्यांची शेते लागतात, आणि पाणी डोळ्यांपुढे असून हाताशी नाही हे त्या प्रदेशाचे दुःख पाहणाऱ्याच्याही मनाला लागून राहते. एकाच तहशिलीत भूमीचे असे दोन स्वभाव नांदत असल्यामुळे येथील चित्रकाराला एका रंगपेटीवर भागवता येत नाही, आणि माझ्या अनुभवाने सांगायचे तर केवळ रंगांवरही भागवता येत नाही.

या तालुक्यात मुलांना चित्रकला शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवावीत, वर्गात मडके आणि त्याच्या शेजारी दोन वांगी मांडून छायाप्रकाश समजावून द्यावा, आणि रविवार आला की खांद्याला दोन पिशव्या अडकवून रानात निघून जावे, असा तो क्रम होता. एका पिशवीत कागद, जलरंग, पाण्याची बाटली. दुसऱ्या पिशवीत जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची, दुकानदार उधारी मांडून ठेवतात तसली एक वही. पुष्कळ वर्षे त्या वहीचे काम एवढेच होते की जागेचे नाव, वेळ आणि वापरलेले रंग टिपून ठेवावेत. ती वही हळूहळू चित्राच्या आधी उघडू लागली, आणि चित्राचा पहिला खर्डा मी रेषेने नव्हे, अक्षराने करू लागलो, हा पालट कसा झाला ते सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्याला कारण झाले एक क्षारपड रान. कालव्याच्या टापूत वर्षानुवर्षे पाणी मुबलक दिले गेले, निचऱ्याकडे लक्ष राहिले नाही, तेव्हा खोल मातीतले क्षार पाण्याबरोबर वर चढत गेले, पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार तेवढे जमिनीच्या पाठीवर उरले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात, जे १९६८ साली स्थापन झाले, या रोगाचा अभ्यास होतो. तेथे त्याला क्षारपड म्हणतात, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असल्या तुकड्याची संभावना बहुधा पोटखराबा या एका शब्दात होते. मी मात्र तो तुकडा पाहिला तो चित्रकाराच्या लोभी डोळ्यांनी. काळ्याभोर मातीवर पांढरी साय धरल्यासारखा तो थर, मध्येच खुरटलेल्या उसाची चार पिवळी पाती, आणि कडेला पाण्याने भरलेला चर. सलग तीन रविवार मी ते रान रंगवले, आणि तिन्ही वेळा चित्र खोटे ठरले. काळ्या रंगाचा हात देऊन, तो वाळल्यावर वरून पांढरा रंग लावत होतो. आणि दर वेळी त्या शेतावर कोणी चुना सांडून गेल्यासारखे दिसे.

तिसऱ्या रविवारी त्या रानाचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, बांधावरून चालत आले, मागे उभे राहून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हे वरून पडलेलं न्हाई. मीठ फुटलंय.”

एवढेच बोलून ते चर पाहायला गेले. मी वहीत त्यांचे वाक्य उतरून घेतले, आणि लिहिता लिहिता ‘फुटलंय’ या क्रियापदावर लेखणी थबकली. पालवी फुटते, घाम फुटतो, पान्हा फुटतो, तांबडे फुटते. जे आत असते आणि आवरत नाही तेच फुटते. तीन रविवार मी ज्याला वरचा थर समजत होतो तो खरे पाहता तळाचा थर होता, आणि म्हणून चित्रातही त्याचे स्थान तळाशीच असावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी मी खडबडीत हातकागद घेतला, पांढऱ्या रंगाची नळी पेटीतून काढूनच ठेवली, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने काळा रंग कागदाच्या उंचवट्यांवरून असा ओढत नेला की खळग्यांतला कोरा कागद जागजागी उघडा राहावा. पांढरे आता खालून वर येत होते. त्या चित्रात दोष पुष्कळ आहेत. चराचे पाणी मला आजही साधलेले नाही. परंतु ती जमीन खरी आहे, आणि ती खरी होण्याचे श्रेय डोळ्याचे नाही, एका क्रियापदाचे आहे.

त्यानंतर मी गावोगावची भाषा निराळ्या कानाने ऐकू लागलो. शहरात शिकलेल्या चित्रकाराजवळ तपकिरी रंगाच्या चार नळ्या असतात. शेतकऱ्याजवळ त्याच रंगाला काळी, बरड, मुरमाड, गाळवट, चोपण, तांबट असे अनेक शब्द असतात आणि त्यांतील प्रत्येक शब्द रंग सांगतो तसा पोतही सांगतो, ओल सांगतो, नांगराला ती माती काय उत्तर देते तेही सांगतो. बैलाच्या अंगकांतीला ढवळा, पवळा, कोसा, बांडा असे शब्द आहेत. झुंजूमुंजू, तांबडे फुटणे, कासराभर दिवस वर येणे, टळटळीत दुपार, उन्हे कलणे, दिवेलागण हे सारे प्रकाशाचे अंश आहेत, आणि कासराभर दिवस म्हणजे क्षितिजापासून सूर्य किती उंच, त्यावरून सावली किती लांब, हे ज्याला उमगले त्याला छायेचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. कडुनिंब हिरवा असतो असे मीही मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. चैत्रातल्या एका सकाळी नोंद लिहिताना ‘पालवी’ या शब्दामागे ‘हिरवी’ असे विशेषण लिहिले आणि खात्रीसाठी मान वर केली, तर कोवळी पाने तांब्याच्या रंगाची होती. लिहिलेले वाक्य साक्षीदारासारखे असते. ते नोंदले की त्याची उलटतपासणी करता येते. नुसत्या पाहण्याची तशी उलटतपासणी होत नाही.

हा विचार मनात घोळत असतानाच मी पहिल्यांदा, चित्राच्या उद्देशाने असे, ताहाराबादला गेलो. राहुरीच्या मावळतीकडचे, त्या कोरड्या अंगाचे हे गाव संतचरित्रकार महिपतींचे. देवदर्शनाला पूर्वी जाऊन आलो होतो. आषाढ-श्रावणात तिकडे वारकऱ्यांची वर्दळ असते. यंदा मुद्दाम गर्दी ओसरल्यावर गेलो, कारण मला देवापेक्षा त्या गावच्या कुलकर्ण्याची भेट हवी होती.

महिपतींचा जन्म १७१५ चा, देहावसान १७९० चे. घरात ताहाराबादचे कुलकर्णीपणाचे वतन. म्हणजे गावचा जमाखर्च, शेतसाऱ्याचे हिशेब, वहिवाटीच्या नोंदी, जमिनीचे तंटे या सर्वांचे दप्तर त्यांच्या हाती. परंपरा अशी सांगते की एकदा ते पूजेला बसले असता जहागीरदाराच्या कचेरीतून शिपाई बोलावणे घेऊन आला, पूजा आटोपून येतो म्हटले तर ऐकेना, अद्वातद्वा बोलला. महिपती मुकाट्याने उठून गेले, कचेरीचे काम निर्वेध पुरे करून दिले, आणि घरी परतल्यावर कानावरची लेखणी काढून विठ्ठलापुढे ठेवली ती अशा संकल्पाने की यापुढे संतचरित्रावाचून दुसऱ्या कशासाठी ती हाती धरावयाची नाही. तुकोबांनी स्वप्नात येऊन आज्ञा केली अशीही त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा आहे. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, ५७ अध्यायांचा ‘भक्तविजय’ पुरा झाला. १७७४ मध्ये ५१ अध्यायांचे ‘भक्तलीलामृत’. या दोहोंच्या दरम्यान ‘कथासारामृत’ आणि ‘संतलीलामृत’, आणि अखेर अपुरा राहिलेला ‘संतविजय’. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींच्या आधाराने आपण लिहीत आहोत, पदरचे काही घालीत नाही, हे त्यांनी ग्रंथारंभीच प्रांजळपणे नमूद करून ठेवले आहे. आणि आधार नोंदल्यावाचून कलम पुढे न चालवण्याची ही रीत मला तरी दप्तरात मुरलेल्या माणसाचीच वाटते.

लेखणी त्यांनी देवापुढे ठेवली, पण त्या लेखणीला लागलेले वळण कसे जाणार? कुलकर्ण्याच्या दप्तरातले सर्वांत सुंदर लेखन मला विचाराल तर चतुःसीमेचे. जमिनीचा खरेदीखताचा किंवा इनामाचा जुना कागद पाहावा: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे थळ, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस चिंचेचे झाड, आणि या चार ओळींच्या आत जेवढे म्हणून आहे ते झाडझाडोरा, दगडधोंडा, पाणीपाषाण यांसुद्धा घेणाऱ्याचे. चित्रकार चौकट धरतो ती याहून वेगळी काय असते? कुलकर्ण्याला कल्पनेने एक बांधही हलवता येत नाही, कारण उद्या त्या बांधावरून डोकी फुटतील. आणि म्हणून त्याची नजर वस्तूच्या जागेवर घट्ट खिळलेली राहते. महिपतींच्या चरित्रांत चमत्कारांची रेलचेल आहे, आणि त्यासाठी आधुनिक चिकित्सकांनी त्यांना बरेच बोलही लावले आहेत. परंतु चमत्कार ज्या अंगणात घडतो त्या अंगणाची चतुःसीमा त्यांनी कधी चुकवली नाही, ही गोष्ट त्या चिकित्सेत हरवून गेली असे मला मनापासून वाटते.

गोरोबांची कथा घ्या. आई पाण्याला गेलेली, मूल अंगणात सोडलेले, बाप नामस्मरणात बुडून चिखल तुडवतो आहे, आणि रांगत आलेले मूल त्या चिखलात. ही कथा ऐकताना काळीज गोठते ते भक्तीच्या तत्त्वामुळे आधी नव्हे. चिखल कुंभाराच्या घरी दाराशीच असतो, तो पायानेच तुडवतात, तुडवताना नजर खाली नसते आणि पाणवठा हाकेच्या टप्प्याबाहेर असतो, या चार साध्या वस्तुस्थितींमुळे गोठते. ज्या माणसाने बलुतेदारांची घरे आत-बाहेर पाहिली आहेत, कुंभाराचा आवा गावाच्या कोणत्या अंगाला आणि तो तिथेच का, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती ही कथा इतकी भरते. तुकोबांना मिळालेली उसाची मोळी वाटेत पोरांनी संपवली आणि एकच ऊस घरी पोचला, ही कथा मी ताहाराबादच्या माळावर आठवली तेव्हा तिचा अर्थ अधिक गडद झाला: हा टापू बिनपाण्याचा, येथे महिपतींच्या काळी ऊस म्हणजे अपूर्वाई. आज त्याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते अडतात, आणि मोळीतून ओढून काढलेली कांडी चोखत पोरे रस्त्याच्या कडेने चालतात. त्या पोरांची रेखाटने माझ्या वहीत पंधरा-वीस तरी असतील.

या लिखाणाचे चित्रात रूपांतर झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे, फक्त त्याचे मूळ राहुरी तालुक्यात आहे याची जाणीव थोड्यांना असते. १९३६ च्या डिसेंबरात प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला, मुंबईत एका चित्रगृहात तो वर्षभराहून अधिक चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्याचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे दोघेही मुळात चित्रकलेतले, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, शिवरायांच्या रक्षणाचा प्रसंग, सदेह वैकुंठगमन ही जी तुकोबांची कथा लोकमानसात रुजली ती मुख्यतः महिपतींच्या ओव्यांनी आणि त्यांवर पोसलेल्या कीर्तनांनी. पुण्याच्या स्टुडिओत देहू उभे करणाऱ्या या दोन चित्रकारांपुढेही तीच होती. त्यांचे मोठेपण मला वैकुंठाच्या विमानात दिसत नाही. ते दिसते गौरीबाईंनी उभ्या केलेल्या जिजाईच्या घरात: ती म्हैस, ती चूल, ती वैतागलेली, उपाशी लेकरांची आई. स्वर्गाचे विमान दाराशी आले तरी घर घरासारखे राहिले पाहिजे, हा धडा त्यांनी कोठून घेतला असेल ते ज्याने मूळ ओव्या वाचल्या त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्याच्या लिखाणातून चित्र उगवते याचा दाखला हा झाला. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ त कथेच्या शेजारी चित्र नांदवले, तोही त्याच कुळातला, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला त्याची महती मी काय सांगावी? परंतु चित्रकाराचे स्वतःचे लेखन ही त्याहून निकटची आणि अवघड गोष्ट. द. ग. गोडसे यांनी १९६३ च्या ‘पोत’ या ग्रंथात कलांच्या घडणीचा जो विचार मांडला त्याला त्यांनी शब्दच विणकराच्या घरचा घेतला, आणि एका शब्दाने चित्र, शिल्प, काव्य यांना जोडणारा धागा हाती दिला. प्रभाकर बरवे यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात, नारळी-पोफळीच्या मुलखात त्यांचा जन्म, जे. जे. तले शिक्षण १९५४ ते १९५९. पुढे विणकर सेवा केंद्रातली नोकरी, त्यातली काही वर्षे काशीत. आयुष्यभर ते रोजनिश्या लिहीत राहिले, त्यांत वाक्याच्या शेजारी रेखाटन आणि रेखाटनाच्या पोटात वाक्य. आणि १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आले, ज्याच्या तोडीचे चित्रकाराने आपल्या घडणप्रक्रियेवर मराठीत लिहिलेले पुस्तक माझ्या माहितीत दुसरे नाही. १९९५ मध्ये ते गेले. २०१९ साली मुंबईत त्यांच्या कलेचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले तेव्हा चित्रांबरोबर त्या वह्याही मांडल्या होत्या. त्यांच्या कॅनव्हासवर एक पान, एक शिंपला, एक घड्याळ अशा वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून असतात, जशी चांगल्या गद्यात नामे असतात. प्रत्येकीला तिची जागा आहे आणि दोहोंमधल्या रिकाम्या जागेलाही अर्थ आहे. शहरातल्या खोलीत बसून रंगवलेल्या त्या चित्रांत नागावची झाडे शोधू नयेत. एक वस्तू पुरेसा वेळ एकटी पाहण्याची सवड मात्र गावाकडून आलेली असावी, असे मला वाटते, आणि ती सवड पुढे वहीने सांभाळली.

ताहाराबादला त्या दिवशी मी उन्हे कलल्यावर गावाबाहेरच्या एका उंचवट्यावर बसलो. पाण्याची वाटी भरली नाही. आधी वही उघडली, आणि महिपतींच्या गावी आहोत तर त्यांच्याच रीतीने जावे म्हणून चित्राची चतुःसीमा लिहू लागलो. पूर्वेस, उताराला लागलेली पायवाट, तिच्यावर शेळ्यांच्या खुरांनी भुगा झालेला मुरूम, रंग भाजलेल्या विटेच्या अलीकडचा. दक्षिणेस, पडक्या गोठ्याची भिंत. दगड काळा, सांधे पांढऱ्या मातीचे, वरच्या थरातले दोन दगड निसटलेले. पश्चिमेस, डोंगराची कड, तिच्या वर कासराभर दिवस. उत्तरेस, असे लिहिले आणि थांबलो, कारण उत्तरेस काहीच नव्हते. सपाट जागा, तिच्यावर थोडे गवत, आणि ते गवत भोवतालच्या गवताहून किंचित हिरवे.

सरपणाची मोळी घेऊन एक म्हातारी त्या बाजूने येत होती. सरळ वाट सोडून ती त्या हिरवट जागेला वळसा घालून आली, हे मी पाहिले. मोळी टेकवून ती दम खायला बसली तेव्हा मी तिला विचारले, आजी, मधून वाट असताना बाजूनं का आलात?

“तिथं आड व्हता, बाबा,” ती म्हणाली. “बुजवला. आमी लग्न होऊन आलो तवा तिथंच पाण्याला जायचो. अजून पाय पडत न्हाई त्याच्यावर.”

ती गेल्यावर मी वहीत ओळ पुरी केली: उत्तरेस बुजलेला आड, वापरात नाही, वाट वळसा घालून जाते. मग कागद पाटीवर चिकटवला, आणि पहिली रेषा त्या वळशाची काढली.